टोगोची माणसं: टोगोलीज, टोगोली की टोगोवासी?

प्रश्न असा आहे. एका इंग्रजी अहवालाचं मराठी करताना ‘टोगोलीज’ हा शब्द पानोपानी येतो आहे. टोगोलीज जहाजावरचे तीन टोगोलीज खलाशी, लोमे शहरातली टोगोलीज व्यापारी स्त्री, टोगोलीज साग आणि एका ठिकाणी चक्क टोगोलीज भाषा. मराठीत काय लिहायचं? टोगोलीज, टोगोली, टोगोवासी की टोगोकर? आणि या शब्दात नेमकी कोणकोणती माणसं येतात?

आधी थेट उत्तर देतो. टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशाचा नागरिक असेल तर ‘टोगोली’ लिहा. वस्तू असेल तर ‘टोगोचा, टोगोची, टोगोचं’ एवढं पुरतं. जहाजाच्या बाबतीत जपून राहा, त्याकडे शेवटी येतो. आणि ‘टोगोली भाषा’ हा शब्दप्रयोग मजकुरातून काढून टाका, कारण तशी भाषाच नाही. ही उत्तरं कुठून आली ते सांगितल्याशिवाय मात्र ती उपयोगी पडणार नाहीत. पुढच्या पानावर वेगळं वाक्य येईल आणि तिथे पुन्हा अडायला होईल. मी सत्तावीस वर्षं भाषांतर आणि संपादन करतो आहे, त्यातली निम्म्याहून जास्त फ्रेंचमधून, आणि पश्चिम आफ्रिकेच्या मजकुरात सगळ्यात जास्त चुका या देशवाचक शब्दांतच होताना पाहिल्या आहेत.

‘टोगो’च्या पुढे ‘ल’ कुठून आला? देशाच्या नावात तो नाही. फ्रेंच लोकांनी ‘टोगो’ला आपला ‘-ए’ हा रहिवासी दाखवणारा प्रत्यय लावला, तेव्हा दोन स्वर एकमेकांवर आदळू नयेत म्हणून मध्ये ‘ल’ घातला आणि ‘तोगोले’ झालं. स्त्रीलिंगी ‘तोगोलेझ’. ‘काँगो’चंही तसंच ‘काँगोले’ झालं. इंग्रजीने हे शब्द फ्रेंचमधून घेतले आणि ‘टोगोलीज’, ‘काँगोलीज’ केले. जर्मनमध्ये ‘टोगोअर’ असंही म्हणतात, त्यात ‘ल’ लागत नाही. म्हणजे ‘ल’ हा फ्रेंच जिभेच्या सोयीचा आहे.

मग मराठीत तो का ठेवायचा? कारण आपल्या जिभेलाही तीच अडचण येते. ‘जपान’ला ‘ई’ लावली की जपानी, ‘इराण’ला लावली की इराणी. ‘टोगो’ला लावली की ‘टोगोई’, आणि हे मराठी कानाला शब्दासारखं वाटतच नाही. ‘ओ’वर संपणारी बहुतेक नावं आपण परकी आहेत तशीच ठेवतो आणि त्यांच्यापासून विशेषण करायची वेळ आली की अडतो. मेक्सिकोचं ‘मेक्सिकन’, मोरोक्कोचं ‘मोरोक्कन’ असं इंग्रजीतून उचलून वेळ मारून नेतो. ‘टोगोली’मध्ये उसना ‘ल’ आहे, पण शेवटची ‘ई’ आपली आहे. बंगाली, नेपाळी, सोमाली यांच्या रांगेत तो सहज बसतो. मला हा शब्द आवडतो आणि मी तो आग्रहाने वापरतो.

‘टोगोलीज’ला माझा विरोध आहे, पण तो इंग्रजी आहे म्हणून नाही. ‘पोर्तुगीज’ आपण शतकानुशतकं म्हणतो आणि तो आता पुरता मराठी झाला आहे. अडचण अशी की आज ‘-ईज’ लावून नवा शब्द केला की तो माणसापेक्षा वस्तूकडे जातो. ‘चायनीज’ म्हटलं की गाडीवरचे नूडल्स आठवतात, माणूस मात्र ‘चिनी’च असतो. शिवाय ‘टोगोलीजने’, ‘टोगोलीजांनी’, ‘टोगोलीजना’ यांतलं कुठलं बरोबर ते कोणालाच ठरवता येत नाही, आणि एकाच लेखात तिन्ही रूपं सापडतात.

‘टोगोली’चं विशेषण म्हणून काम सोपं आहे. टोगोली माणूस, टोगोली बाई, टोगोली लोक, टोगोली सरकार. लिंगवचनाने तो बदलत नाही, ‘जपानी’सारखाच. नाम म्हणून वापरताना मात्र थांबायला हवं. जुन्या मराठीच्या वळणाने ‘जपान्यांनी’, ‘गुजरात्यांना’ होतं, तसं ‘टोगोल्यांनी’ व्हायला हवं. व्याकरणाने ते चूक नाही, पण ऐकायला विचित्र लागतं, आणि अशा रूपांना बोलण्यात थोडी तुच्छतेची छटाही येते. म्हणून मी सरळ ‘टोगोली लोकांनी’, ‘टोगोली नागरिकांना’, ‘टोगोली खलाशांनी’ असं लिहितो. एक शब्द वाढतो, पण वाक्याचा तोल जात नाही.

इथे फ्रेंचमधून भाषांतर करणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. फ्रेंचमध्ये माणूस असेल तर पहिलं अक्षर मोठं आणि विशेषण असेल तर लहान, एवढ्याच खुणेवर अर्थ ठरतो. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत. त्यामुळे मूळ मजकुरात मोठ्या अक्षराने लिहिलेला ‘तोगोलेझ’ आला तर ‘टोगोली’ लिहून सोडून देऊ नका. तिथे ‘टोगोतली एक बाई’ किंवा ‘टोगोली महिला’ असं उघड लिहावं लागतं. ही बाई आहे हे फ्रेंच वाचकाला एका शब्दात कळतं. आपण सांगितलं नाही तर मराठी वाचकाला ते पानभर कळत नाही, आणि मी असे अनुवाद पाहिले आहेत ज्यांत बाईची गोष्ट अर्ध्यापर्यंत पुरुषाची म्हणून चालली होती.

‘टोगोवासी’ कधी चालतो? ‘वासी’ म्हणजे राहणारा. लोमेमध्ये लेबनीज व्यापारी कुटुंबं अनेक वर्षं राहतात, शेजारच्या देशांतून आलेले लोक राहतात. ते टोगोवासी आहेत, टोगोली असतीलच असं नाही. उलट पॅरिसमध्ये किंवा जर्मनीत राहणारा टोगोचा नागरिक टोगोली आहे, पण टोगोवासी नाही. पुरात किती टोगोवासी बेघर झाले असं वाक्य असेल तर शब्द अगदी नेमका आहे. खलाशांच्या वाक्यात तो चूक ठरेल, ते बिचारे समुद्रावर आहेत.

आणि ‘टोगोकर’? हा शब्द मनापासून आवडावा असा आहे, पण ‘कर’ आपण गावाला लावतो. पुणेकर, सातारकर, लाडाने लंडनकरसुद्धा. देशाला लावत नाही, नेपाळकर कोणी म्हणत नाही. त्यामुळे टोगोकर नको, पण ‘लोमेकर’ जरूर लिहा. लोमे ही राजधानी, गिनीच्या आखातावर, घानाच्या सीमेला इतकी चिकटून की शहराच्या पश्चिम कडेला नाका ओलांडला की पलीकडे घानाचं आफ्लाओ लागतं. लोमेचं नाव आलं ‘आलो’ नावाच्या झाडांवरून, त्यांच्या काड्या दात घासायला चावत. ‘आलोंच्या मध्ये’ असा नावाचा अर्थ. दातवणाच्या झाडांवरून नाव पडलेल्या शहरातल्या माणसाला ‘लोमेकर’ म्हणताना मला काहीच खटकत नाही.

गंमत म्हणजे दक्षिण टोगोत बोलल्या जाणाऱ्या इवे भाषेत आपल्या ‘कर’सारखाच एक प्रत्यय आहे, ‘तो’. पण तो गावाला आणि देशाला दोन्हीला लागतो. टोगोचा माणूस ‘टोगोतो’, आणि अनेक असतील तर ‘टोगोतोवो’. आपल्याला जे दोन शब्दांत वाटून घ्यावं लागतं ते तिथे एकात भागतं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: या शब्दात कोण येतं?

‘टोगो’ हे मुळात एका गावाचं नाव. ‘तो’ म्हणजे पाणी आणि ‘गो’ म्हणजे काठ, असा त्याचा अर्थ सहसा सांगितला जातो. लोमेच्या पूर्वेला एक मोठं खाजण आहे, त्याच्या काठावरचं हे गाव. आज त्याला टोगोव्हिल म्हणतात. ५ जुलै १८८४ रोजी जर्मन साम्राज्याचा प्रतिनिधी गुस्ताव्ह नाख्टिगाल याने तिथल्या राजा म्लापा तिसरा याच्या वतीने आलेल्यांशी संरक्षणाचा करार केला. कराराखाली आला तो किनाऱ्याचा एक तुकडा. नंतर जर्मन उत्तरेकडे सरकत गेले आणि साऱ्या मुलुखालाच त्या गावाचं नाव पडलं: टोगोलँड. त्या दिवशी ‘टोगोचा माणूस’ म्हणजे त्या गावचा माणूस होता. उत्तरेला डोंगरात राहणाऱ्या काबिये लोकांच्या कानावर ते नाव पडलंही नसेल. पुढे तेही ‘टोगोचे’ ठरले.

मग १९१४ आलं. महायुद्ध सुरू होताच ऑगस्टमध्येच ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा दोन बाजूंनी शिरल्या आणि महिना संपायच्या आत जर्मनांनी शरणागती दिली. मुलूख वाटला गेला. पश्चिमेची चिंचोळी पट्टी ब्रिटिशांना, लोमेसह पूर्वेचा मोठा भाग फ्रेंचांना. आधी राष्ट्रसंघाच्या, नंतर संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली ही दोन टोगोलँड चालली. ९ मे १९५६ रोजी ब्रिटिश भागात सार्वमत झालं, बहुमत शेजारच्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत सामील होण्याच्या बाजूने पडलं आणि ६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट हा भाग धरून घाना म्हणून स्वतंत्र झाला. फ्रेंच भाग २७ एप्रिल १९६० रोजी टोगो म्हणून स्वतंत्र झाला, सिल्व्हानुस ओलिंपियो त्याचे पहिले राष्ट्राध्यक्ष. आजचा ‘टोगोली’ हा शब्द या दुसऱ्या तुकड्याचा आहे.

या वाटणीत सर्वांत जास्त चिरले गेले ते इवे लोक. सीमा त्यांच्या गावांमधून, शेतांमधून गेली. घानाच्या व्होल्टा प्रदेशातला इवे माणूस टोगोली नाही. तो घानाचा नागरिक आहे, भाषा तीच, सण तेच, नात्यागोत्याची माणसं पलीकडे. घानाच्या राजकारणात तर अशा माणसाला ‘तू टोगोली आहेस’ म्हणणं हा अपमान असतो, तुझं इथे काय काम, असा त्याचा अर्थ. म्हणून इवे आणि टोगोली हे शब्द एकमेकांच्या जागी टाकणारं भाषांतर निव्वळ ढिलं राहत नाही, ते माणसाला त्याच्या देशातून उचलून दुसऱ्या देशात टाकतं. तसंच ‘वेस्टर्न टोगोलँड’ असं मजकुरात आलं तर तो घानातला भाग आहे, टोगोचा पश्चिम जिल्हा नव्हे. २०२० मध्ये तिथल्या फुटीरतावादी गटाच्या बातम्या आल्या होत्या, ते लोकही टोगोली नाहीत.

पुण्यात शिकायला आलेला एक टोगोली मुलगा काही वर्षांपूर्वी कागदपत्रांच्या कामासाठी माझ्याकडे आला होता. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मी ‘टोगोली’ लिहिलं. मातृभाषेच्या रकान्याशी आलो आणि सवयीने विचारलं, फ्रेंच ना? तो म्हणाला, फ्रेंच शाळेची, आईची इवे. मग सांगू लागला की आजी आफ्लाओला राहते, म्हणजे घानात, आणि लहानपणी तिच्याकडे जेवायला जाताना तो देश बदलतो आहे हे त्याला कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. मी विचारलं, मग आजी टोगोली की घानाची? तो म्हणाला, कागदावर घानाची, घरात आजी. तेव्हापासून या दोन रकान्यांत मी कधी घाई करत नाही.

भाषेचं उत्तरही यातच आलं. टोगोची राजभाषा फ्रेंच. इवे आणि काबिये यांना राष्ट्रीय भाषांचा दर्जा आहे. याशिवाय किनाऱ्यावर मिना, मध्यावर सोकोदेच्या आसपास तेम, उत्तरेला मोबा, कोंकोंबा अशा कितीतरी. अहवालात ‘टोगोलीज भाषेत’ असं असेल तर लेखकाला विचारा, कोणती? विचारता येत नसेल तर ‘स्थानिक भाषेत’ लिहा. संस्कृतीबद्दलही तसंच. उत्तरेतली काबिये तरुणांची ‘एवाला’ ही कुस्ती म्हणजे ‘टोगोली कुस्ती’ नव्हे, ती काबियेंची आहे. कुतामाकू भागातली मातीची, बुरुजांसारखी घरं, जी २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली, ती बाताम्मारिबा लोकांची, आणि ते लोक सीमेपलीकडे बेनिनमध्येही आहेत. ‘पारंपरिक टोगोली घर’ असं लिहिलं तर इवे वाचकाला ते घर तुमच्या-माझ्याइतकंच अनोळखी वाटेल. नागरिकत्व, सरकार, सैन्य, संघ यांच्यासाठी टोगोली, आणि घरातल्या, चुलीजवळच्या गोष्टींसाठी त्या समाजाचं नाव, असा भेद मी करतो.

संघावरून आठवलं, फुटबॉलच्या बातम्यांत हा शब्द अगदी शोभतो. टोगोली संघ २००६ साली जर्मनीतल्या विश्वचषकात पहिल्यांदा खेळला. तिन्ही सामने हरला, पण एकेकाळी जर्मन वसाहत असलेल्या देशाचा संघ जर्मनीत उतरला होता. २०१० च्या जानेवारीत अंगोलातल्या काबिंडामध्ये याच संघाच्या बसवर गोळीबार झाला आणि संघासोबतच्या दोघांचा जीव गेला. या संघाचं टोपणनाव फ्रेंचमध्ये ‘एपेर्व्हिए’. इंग्रजीतून येणारे त्याचं ‘ससाणे’ करतात. हा पक्षी ससाणा नाही, आपल्या शिकऱ्याच्या जातकुळीतला आहे. ‘शिकरे’ म्हणा, शब्द आपल्याकडे आयता आहे.

व्यापारी स्त्रीबद्दल. अहवालात जर ‘नाना बेंझ’ असा उल्लेख असेल तर टीप द्याच. लोमेच्या बाजारात छापील मेणकापडाचा, म्हणजे त्या रंगीत ‘वॅक्स’ कापडाचा, घाऊक व्यापार स्त्रियांच्या हातात होता. त्यांतल्या कित्येक इतक्या श्रीमंत झाल्या की मर्सिडीज बेंझमधून फिरत, म्हणून हे नाव. ‘नाना’ हा तिथे आईला, आजीला, वडीलधाऱ्या बाईला हाक मारायचा शब्द आहे. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे ‘नाना’ म्हटलं की धोतर-टोपीतले नाना येतात, आणि मग पुढचं सगळं वाक्य हास्यास्पद होतं. ज्या बायकांनी एका देशाचा कापडबाजार चालवला त्यांच्यावर ही वेळ आपल्या आळसामुळे येऊ नये.

नावांचा आणखी एक पेच. दक्षिणेत मुलाचं नाव बहुधा जन्मवारावरून ठेवतात. रविवारचा कोसी, सोमवारचा कोजो, शुक्रवारचा कोफी. मुलगी शुक्रवारची असेल तर आफी, शनिवारची असेल तर आमा. शेजारच्या घानातही ही रीत आहे, संयुक्त राष्ट्रांचे कोफी अन्नान हे नाव त्यातलंच. त्यामुळे एकाच यादीत चार कोफी आले तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. जुन्या कागदांत आणखी एक घोळ दिसतो. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष एयादेमा यांनी ख्रिस्ती नावं टाकून आफ्रिकी नावं घ्यायची मोहीम चालवली आणि स्वतः एतिएनचे न्यासिंग्बे झाले. त्यामुळे त्या सालाच्या अलीकडे-पलीकडे एकाच माणसाची दोन नावं कागदांवर असू शकतात. भाषांतरकाराने दोन माणसं समजू नयेत.

लेखनाबद्दल थोडक्यात. फ्रेंच आणि इवे उच्चार ‘तोगो’च्या जवळचा आहे, पण मराठीत ‘टोगो’ रुळला आहे आणि तो बदलण्याचं कारण नाही. ‘टोगो’चं सामान्यरूप होत नाही, ‘फोटो’सारखंच: टोगोत, टोगोला, टोगोहून. करारातल्या किंवा कायदेशीर मजकुरातल्या अधिकृत नावाचं मी ‘टोगोली प्रजासत्ताक’ करतो, कारण मूळ नावातच विशेषण आहे, आणि आपण ‘फ्रेंच प्रजासत्ताक’ही म्हणतोच. बाकी सगळीकडे नुसतं ‘टोगो’. पॅसिफिक महासागरातला टोंगा वेगळा, तिथले लोक टोंगन. आणि रशिया-जपान युद्धाच्या काळातल्या जुन्या मराठी लिखाणात ‘टोगो’ सापडला तर तो बहुधा त्सुशिमाची लढाई जिंकणारा जपानी ॲडमिरल असतो, आफ्रिकेतला देश नव्हे.

आता साग. ‘टोगोचा साग’ लिहा, आपल्याकडचे लाकडाचे व्यापारीही तसंच म्हणतात. टोगोत सागाची लागवड जर्मन राजवटीत सुरू झाली आणि आज तो साग भारतात येतो. पश्चिम आफ्रिकेतून कच्ची काजू बी येते, त्यात टोगोचीही असते, तिलाही ‘टोगोची बी’च म्हणायचं. ‘टोगोली काजू’ म्हटलं की ती काजूची जातच वेगळी आहे असं वाटतं.

आणि जहाज. टोगो परदेशी मालकांच्या जहाजांचीही नोंदणी करतो. त्यामुळे टोगोचा झेंडा लावलेल्या जहाजाचा मालक दुसऱ्याच देशातला, खलाशी तिसऱ्या-चौथ्या देशातले, आणि त्या जहाजाने आयुष्यात लोमे बंदर पाहिलेलं नसणं अगदी शक्य आहे. अशा जहाजाला ‘टोगोली जहाज’ म्हटलं की वाचक मालकापासून खलाशांपर्यंत सगळेच टोगोचे धरतो. ‘टोगोत नोंदवलेलं जहाज’ किंवा ‘टोगोच्या झेंड्याखालचं जहाज’ लिहा. २०१३ मध्ये भारतीय खलाशी टोगोत अटकेत होते, तेव्हाच्या बातम्यांत ‘टोगोचे पोलीस’, ‘टोगोचा तुरुंग’ एवढ्यावर काम भागलं होतं आणि ते योग्यच होतं.

तेव्हा तुमचं पहिलं वाक्य असं होईल: ‘टोगोच्या झेंड्याखालच्या जहाजावरचे तीन टोगोली खलाशी’. पण छापण्याआधी मूळ अहवालाच्या परिशिष्टातली खलाशांची यादी उघडून राष्ट्रीयत्वाचा रकाना पाहा. इंग्रजी लेखकानेही जहाजाच्या झेंड्यावरूनच खलाशांना टोगोली ठरवलेलं असू शकतं, आणि तसं असेल तर ती चूक मराठीत आणू नका, त्यांना कळवा.